सुनंदास पत्र

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे, तुमचीही असेलच. हे फोनवर सांगता आले असते. पण फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, आणि हे सगळे सलग सांगायचे आहे.

आमच्या वॉर्डातील एका शिकाऊ परिचारिकेला सुई टोचली. रक्त काढून झाल्यावर कुणीतरी सुई शार्प्सच्या (वापरलेल्या सुया-पाती टाकायच्या) डब्यात न टाकता ट्रेमध्येच गॉजखाली राहू दिली होती. ट्रे आवरताना ती हातमोज्यातून आरपार मुलीच्या तर्जनीत शिरली. सुई कोणत्या रुग्णाची, हे अजूनही कळलेले नाही. मुलीने बोट पिळून रक्त काढले, वर स्पिरिट ओतले आणि कुणालाही न सांगता ड्यूटी संपवली. साबण आणि वाहत्या पाण्याने धुणे एवढेच खरे तर हवे असते. पिळून काही साधत नाही. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करण्याची ७२ तासांची मुदत संपत आली असताना ती माझ्याकडे आली, आणि तिचा पहिला प्रश्न होता, "सिस्टर, मला काढून तर टाकणार नाहीत ना?" आजाराचे तिने नंतर विचारले. ते ऐकून मला काय वाटले असेल, हे तुला लिहून सांगायला नको.

गोळ्या त्याच तासाला सुरू केल्या. त्या आता २८ दिवस घ्यायच्या आहेत. पहिल्या काही तासांत सुरू झाल्या असत्या तर माझा जीव इतका टांगणीला लागला नसता. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिचे दोनच डोस झालेले निघाले, म्हणून इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) आणि राहिलेला डोस दोन्ही दिले. (तिसऱ्या डोसच्या दिवशी लिनन रूममध्ये जाऊन बसलेली एक मुलगी मला आठवते. दिवसभर इतरांना इंजेक्शने देणाऱ्या त्या मुलीला दोघींनी धरून आणावे लागले होते.)

संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची ६ ते ३० टक्के. तरीही सगळ्यांची भीती पहिल्याचीच. बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस तग धरतो आणि त्याच्यावर १९८२ पासून लस आहे, या दोन्ही गोष्टी पाठ असूनही मुलींचे डोस अर्धवट राहतात, याचा मला मनस्वी राग येतो. हिपॅटायटिस सीवर लस नाही आणि सुई टोचल्यानंतर घ्यायचे औषधही नाही. तपासण्या करत थांबायचे, एवढेच. मात्र तो झालाच तर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक लोक बरे होतात, हे मी तिला रोज सांगते आणि ती रोज नव्याने विचारते.

आपला लाल स्टिकरचा वाद तुला आठवत असेलच. पॉझिटिव्ह रुग्णाच्या केसपेपरवर खूण असली की आपण सावध राहतो, असे तू म्हणायचीस, आणि त्यावरून आपण आठवडाभर अबोला धरला होता. मी अजूनही तेच म्हणते. संसर्ग ताजा असेल तर रिपोर्ट काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकतो. ज्याच्या कागदावर खूण नाही त्याच्यापुढे हात सैल पडतात, आणि ज्याच्या कागदावर आहे त्याला पाणीही लांबून दिले जाते. प्रत्येकाचे रक्त संसर्गाचे आहे असे धरूनच काम करायचे. या ट्रेवर कोणता स्टिकर लावला असता, सांग बघू!

त्यातच सुई टोचलेल्या या मुलीच्या खोलीतल्या मुलींनी तिचा पेला वेगळा काढला. शिक्षण घेत असलेल्या मुली, सुनंदा! एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने यांतले काहीही पसरत नाही, हे परीक्षेत लिहून त्या पास झालेल्या आहेत. मी त्यांना रागावले नाही, कारण रागावण्याच्या भीतीनेच पहिली मुलगी गप्प बसली होती. मी तिच्याच पेल्यातून त्यांच्यादेखत पाणी प्यायले आणि मग बोलायला बसले. सुई टोचल्याची नोंद ही तक्रार नसते, त्या नोंदीवरून कुणालाही शिक्षा होणार नाही, असे लेखी परिपत्रक मी वरिष्ठांकडे मागितले आहे. ते अजून निघालेले नाही, म्हणून रोज विचारते आहे.

तू आता शिकवतेस, त्यामुळे एक काम तुझ्यावर टाकते. सुईला पुन्हा टोपण लावू नये, डबा तीन चतुर्थांश भरला की बदलावा, हे तू सांगतच असशील; पण टोचलेच तर रात्री दोन वाजता कुणाला उठवायचे, ते नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी मुलींकडून वहीत लिहून घे.

सासूबाईंचा गुडघा कसा आहे? धाकटीचा निकाल कळव. तुमच्या महाविद्यालयात अशा नोंदीचा जो छापील फॉर्म आहे, त्याची एक प्रत उत्तरासोबत पाठव. आमचा चार पानी आहे आणि तो बघूनच मुली घाबरतात.

तुझी,
वासंती