मॅडम, ती तार अजून डोळ्यांसमोर आहे

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मका महागला तेव्हा मी शहाणपणा केला. कोंबड्यांचं खाद्य घरीच भरडतो, म्हणून मका कमी करून टनाला 300 किलो गहू घातला. तिसऱ्या आठवड्यात शेडमध्ये पाय ठेवला की डोळे झोंबायला लागले. खाली अंथरलेलं तूस ओलं, विष्ठा चिकट, पक्ष्यांच्या पायांना तिचे गोळे. कॉक्सीचं (कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगाचं) औषध दोनदा पाजलं. पैसे गेले, तूस ओलंच.

तुम्ही औषधाचं नावच काढलं नाहीत. एक पक्षी फाडलात, आतड्यातला ऐवज दोन बोटांत धरलात आणि बोटं हळूच लांब केलीत. चिक्कीच्या पाकासारखी तार निघाली! गव्हातल्या अरॅबिनोझायलन नावाच्या तंतूमुळे आतड्यात असा चिकटा होतो, खाल्लेलं नीट पचत नाही, हे मला त्या तारेनं शिकवलं.

मी वर तोऱ्यात म्हणालो, "पचनाला मदत करणारं एन्झाइम तर घालतोच की!" तुम्ही पाकीट उलटं करून वाचलंत. फायटेज निघालं. धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, तो ते सोडवतं, म्हणून फॉस्फरससाठी घालायचं डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी करता येतं. गव्हाच्या चिकट्याला तो तोडणारं वेगळं एन्झाइम, झायलनेजच लागतं. आणि मी दोन वर्षं फायटेजही घालत होतो नि डीसीपीही पुरेपूर! हा हिशेब ऐकून तुम्ही हसला नाहीत, याचे वेगळे आभार.

झायलनेजचं नवं पाकीट आणलं. टनाला 100 ग्रॅम. मी ते सरळ मिक्सरमध्ये झटकणार, तेवढ्यात तुम्ही हात धरलात. आधी घमेल्यात किलोभर भरड्यात कालवलंत, मग दहा किलोत, मग मिक्सरमध्ये. आमचं खाद्य वाफेवर जात नाही म्हणून साधी पावडर चालली. वाफेवर खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करणाऱ्यांनी उष्णता सोसणारंच घ्यावं, हेही तुम्हीच सांगितलंत.

पुढच्या बॅचला तूस मुठीत धरून सोडलं तर मोकळं सुटत होतं. सगळं श्रेय पुडीला देत नाही, पाण्याचे गळके निपलही तुम्ही बदलायला लावले होते.

जाताना म्हणालात, "गहू बंद केलात की ही पुडीही बंद करा. मक्यावर हिचा फायदा थोडाच." विकणारा हे कशाला सांगेल!

तुमची कात्री शेडवरच राहिली आहे. आईनं उकळून, फडक्यात गुंडाळून ठेवलीय. न्यायला याल तेव्हा जेवूनच जायचं, असा तिचा निरोप आहे.

आपला,
सिन्नर तालुक्यातला एक कोंबडीवाला