कोटाची बटणं

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा पाऊसपाण्याचं बोलून फोन ठेवला. म्हणून लिहितोय. मला तुझी माफी मागायची आहे, आणि ती स्नेपवरून, हॅरी पॉटरच्या शाळेतल्या त्या काळ्या कोटातल्या मास्तरवरून.

गेल्या आठवड्यात तुझ्या खोलीतलं कपाट रंगवायला काढलं. दाराच्या आतल्या बाजूला तू स्केचपेननं 'ऑल्वेज' लिहून ठेवलंयस. तेव्हा तू आठवीत होतीस. 2011 चा जुलै. हॅरी पॉटरचा शेवटचा चित्रपट बघून आलीस ती डोळे सुजवूनच. ताटावर बसेनास. काय झालं विचारलं तर म्हणालीस, "बाबा, स्नेप गेला." मी हसलो. दुसऱ्या दिवशी दारावरचं ते लिहिलेलं दिसलं, तर नवं कपाट खराब केलंस म्हणून रागावलो. पुढे 2016 च्या जानेवारीत, तुझी बारावी होती, पडद्यावर स्नेप झालेला नट ॲलन रिकमन गेल्याची बातमी आली. संक्रांतीचे दिवस होते, आई तिळाच्या वड्या थापत होती आणि तू एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेलीस. तेव्हा तर मी विचारलं, "तो तुझा कोण लागतो?" तू काहीच बोलली नाहीस. तो प्रश्न मला आता टोचतो.

या उन्हाळ्यात गुडघ्यामुळे पायमशीन सहा आठवडे बंद होती, हे तुला ठाऊक आहे. त्या काळात हॅरी पॉटरचे आठही भाग ओळीनं पाहिले. आधी मी ते कधी नीट पाहिलेच नव्हते. तू टीव्ही लावायचीस, मी मशीनवर मान घालून असायचो, मध्येच वर बघायचो. तेवढ्या बघण्यावर त्या माणसाबद्दल मत करून बसलो होतो.

ते मत कशामुळे झालं तेही सांगतो. पहिल्या भागात त्याचा पहिला तास आहे. दार धाडकन उघडून तो आत येतो. हॅरी खाली मान घालून लिहितोय, आणि हा मास्तर जे बोलतोय तेच लिहून घेतोय. तरी मास्तर त्यालाच धरतो. असे प्रश्न विचारतो की त्यांची उत्तरं त्या पोराला माहीत असायचं काही कारणच नाही. सातवीत आम्हाला गणिताला असे एक गुरुजी होते. फळ्यापाशी उभं करायचे आणि उत्तर आलं नाही की वर्गाला हसायला सांगायचे. माझी शाळा घरच्या परिस्थितीमुळे सुटली, पण सुटली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं ते त्या तासामुळे. म्हणून तो काळा कोट पडद्यावर आला की माझ्या पोटात गोळा यायचा. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

त्याच भागात हॅरीचा झाडू हवेत उधळतो, आणि खाली प्रेक्षकांत स्नेप त्याच्यावर नजर रोखून ओठ हलवत असतो. हाच झाडूवर मंत्र टाकतोय असं मुलांना वाटतं, मलाही वाटलं. खरं तर तो पोराला वाचवायला उलटा मंत्र म्हणत होता. हे त्याच भागात शेवटी सांगितलंय! पण ते कानावर येऊनही माझं मत तसूभर हललं नाही. ज्यानं भर वर्गात अपमान केला तोच जीव वाचवतोय, हे मनाला पटेचना.

तिसऱ्या भागातला प्रसंग या वेळी मागे घेऊन पाहिला. पौर्णिमेला लांडगा होणारा तो ल्युपिन मास्तर लांडगा होतो आणि स्नेप दोन्ही हात पसरून हॅरी आणि त्याच्या दोन दोस्तांना, तिन्ही पोरांना पाठीशी घेतो. तू सांगितलंस की पुस्तकात हे नाही, तिथे तो तेव्हा बेशुद्ध असतो. असू दे. पण पुस्तकातलंच तू सांगितलेलं दुसरं एक आहे, की शाळेत असताना याच लांडग्याच्या तावडीत सापडून तो मरता मरता वाचला होता. ते डोक्यात ठेवून तो प्रसंग बघ. विचार करायला त्याला क्षणभरही वेळ नाही. हात आपोआप पसरतात.

आता माझ्या धंद्यातलं. त्याच्या कोटाची बटणं तू कधी निरखलीस का? गळ्यापासून खाली ओळीनं, एकाला एक लागून, आणि बाह्यांनाही मनगटापासून वर तशीच. एवढी काजं करायची म्हणजे काय काम असतं ते मला विचार. मी कुणाला इतकी बटणं लावायला देणार नाही. असा कपडा घालायला वेळ, काढायला वेळ, आणि वर्षानुवर्षं तोच. आधी मला तो खलनायकाचा थाट वाटायचा. शेवटचा भाग पाहिल्यावर वाटलं, या माणसानं सकाळी उठून रोज स्वतःला असं बंद करून घेतलं असेल, एकेक काज.

सहाव्या भागात मनोऱ्यावर शाळेचा म्हातारा मुख्याध्यापक डंबलडोर त्याचं नाव घेऊन विनवतो आणि तो त्याला मारतो. मी म्हटलं, बघा, शेवटी दात दाखवलेच. तो म्हातारा आधीच शापानं मरायला टेकलेला, आणि मारायला त्यानंच सांगितलेलं, हे आठव्या भागात कळलं. नागिणीनं मान फोडलेला स्नेप भिंतीला टेकून बसलाय, डोळ्यांतून आठवणी गळताहेत, त्या पोरानं बाटलीत धराव्यात म्हणून सांगतोय. आणि शेवटचं मागणं काय, तर माझ्याकडे बघ. त्या पोराचे डोळे आईचे, लिलीचे, आणि त्या लिलीवर स्नेपचा लहानपणापासून जीव.

मागच्या रविवारी तू शेवटच्या पुस्तकातलं ते 33वं प्रकरण फोनवर वाचून दाखवलंस, इंग्रजी वाचत मराठीत सांगत, तासभर. "बाबा, आज अचानक?" असं विचारलंस आणि मी विषय बदलला. तो तासभर मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो होतो. डंबलडोर विचारतो, इतक्या वर्षांनंतरही? आणि तो म्हणतो, ऑल्वेज. कायम. लिली गेली 1981 च्या ऑक्टोबरात, हा गेला 1998 च्या मे महिन्यात. मधली साडेसोळा वर्षं त्यानं तिच्या मुलाला राखलं, ज्या माणसानं शाळेत त्याची रोज टवाळी केली त्याच माणसाचा मुलगा. आणि अट काय घातली, तर माझी ही बाजू कुणालाही सांगायची नाही. हॅरीच्या मदतीला ती रुपेरी हरिणी, त्याचा पेट्रोनस, म्हणजे मंत्रानं उभा केलेला राखणदार, जंगलात पाठवली तेव्हाही स्वतः झाडाआड राहिला. तू म्हणालीस की पेट्रोनस सुखाच्या आठवणीतून उभा राहतो. म्हणजे एवढ्या कोंडलेल्या माणसाच्या आत एक सुखाची आठवण शेवटपर्यंत जिवंत होती.

पण मनू, त्याला देव करू नकोस, हे बाप म्हणून सांगतो. हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलचं मी विसरू शकत नाही. त्या पोराला जगातली सगळ्यात भीतीची गोष्ट म्हणून स्नेप दिसतो. ज्याचे आईबाप छळानं वेडे झाले, त्या पोराला! त्याच्या पाळलेल्या बेडकाला औषध पाजून बघायची धमकी देणारा हाच. आणि लिलीवर संकट आलं तेही यानंच त्या खलनायकाकडे, व्होल्डेमॉर्टकडे नेलेल्या बातमीमुळे. तो फोटोचा प्रसंग तू वाचलास तेव्हा मी गप्प झालो होतो, आठवतंय? लिलीचं हसणं असलेला अर्धा तुकडा तो जवळ ठेवतो, नवरा आणि बाळ असलेला अर्धा जमिनीवर टाकून देतो. बाळाचा फोटो टाकून दिला, आणि बाळासाठी जीव दिला. मला वाटतं, त्या पोरावर त्याचा जीव कधी बसलाच नाही. तरीही त्यानं त्याला राखलं. जीव नसताना राखणं मला जास्त अवघड वाटतं.

रिकमनबद्दल तू तेव्हा सांगत होतीस ते आता नीट ऐकलं. सगळी पुस्तकं लिहून व्हायच्या आधीच लेखिकेनं त्याला स्नेपचं एक गुपित सांगितलं होतं आणि शेवटचं पुस्तक येईपर्यंत त्यानं ते कुणाला कळू दिलं नाही. 2001 च्या पहिल्या भागापासून तो ते पोटात ठेवून उभा होता, आणि आम्ही त्याच्या नाकाला नावं ठेवत होतो. त्याच्या आयुष्यातला पहिला चित्रपट आला तेव्हा तो 42 वर्षांचा होता आणि 69व्या वर्षी तो गेला. तो तुझा कोण लागत होता, हे मी आता विचारणार नाही. तू रडलीस ते बरोबर होतं आणि मी हसलो ते चूक होतं.

कपाट बाहेरून रंगवलं. दाराच्या आतल्या बाजूला मी ब्रश लावू दिला नाही.

आणखी एक राहिलं. त्या प्रकरणात तो नऊ-दहा वर्षांचा असतानाचं वर्णन आहे ना, आखूड विजार, अंगात बायकी झग्यासारखा सदरा, आणि वर मोठ्या माणसाचा ढगळ कोट, अंग झाकायला घातलेला. ते ऐकल्यापासून तो कोट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आईबापाची भांडणं, घरात कुणाचं लक्ष नाही. अरे, कुणीतरी घेऊन यायचं होतं! अर्ध्या दिवसाचं काम. खांदे दोन्हीकडून आत घ्यायचे, मुंढा नव्यानं कापायचा, बाह्या चार बोटं वर. फक्त कापड छाटून टाकायचं नाही. तुझ्या गणवेशाला करायचो तसं शिवणीच्या आत चांगली दोन बोटं माया ठेवायची. पोरगा वाढता आहे, पुढच्या जूनला उसवून मोठा करता येतो.

तुझे,
बाबा