अनोळखी मार्गदर्शकांचे जाहीर आभार
औषधांच्या दुकानातील नोकरी सोडून चाळिशीत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आलेल्या मला ज्यांनी नाव-गाव न विचारता मदत केली, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते. विंडोजवर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेने वाचलेल्या फाइलीत देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हे उमटत होती, तेव्हा फाइल उघडतानाच ‘यूटीएफ-८’ हे एन्कोडिंग (अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत) स्पष्टपणे द्यावे, हे कोणीतरी पूर्वीच लिहून ठेवलेले सापडले. नुसता उपाय सांगून न थांबता त्यामागचे कारणही त्या व्यक्तीने उलगडले होते, याचे मोल मला अधिक वाटते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथॉनची माहितीपुस्तिका विनामोबदला अद्ययावत ठेवणारे आणि माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टची (आपण केलेले बदल मूळ प्रकल्पात घ्यावेत, या विनंतीची) ओळ न् ओळ वाचून सौजन्याने सुधारणा सुचवणारे परीक्षक यांचीही मी ऋणी आहे.