तेलाची बातमी आणि गोळ्यांचा कोर्स

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निकामी ठरलेली अँटिबायोटिक्स वनस्पतींच्या सुगंधी तेलांमुळे पुन्हा काम करू लागतात, अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. बातमी आली की आमच्या औषधांच्या दुकानात ओव्याचा अर्क आणि लवंग तेल मागणारे वाढतात. त्यांतले काही हळूच विचारतात, "हे घेतलं तर गोळ्या तीन दिवसांत बंद केल्या तर चालेल ना?" नाही चालणार! म्हणून हा पत्रप्रपंच.

बातमी खोटी नसते. ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड ही द्रव्ये जिवाणूच्या आवरणातल्या स्निग्ध थरात शिरून तो सैल करतात आणि बाहेर अडलेले औषध आत पोहोचते. जिवाणूकडे आत आलेले औषध परत बाहेर फेकणारे पंपही असतात. काही द्रव्ये तेही मंदावतात. तेल आणि औषध एकेकटे जितके लागते, त्याच्या पाव पाव मात्रेत दोघांनी मिळून काम भागवले, तर शास्त्रज्ञ ती जोडी जमली असे मानतात. मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूवर अशा जोड्या जमल्या आहेत. स्यूडोमोनाससारखे दुहेरी आवरणाचे जिवाणू मात्र सहजी दाद देत नाहीत.

पण हे बहुतेक सारे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतले. पोटात गेलेल्या थायमॉलचे शरीर झपाट्याने रूपांतर करते, त्यामुळे बशीतली मात्रा रक्तात गाठणे अवघड. बरे, डोस वाढवावा, तर लवंग तेल पोटात जाऊन लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिवाय वाण, माती आणि काढणीची वेळ बदलली की तेलाची घडण बदलते. बाटलीवर 'शंभर टक्के शुद्ध' छापले, तरी आत थायमॉल किती हे आम्हा विकणाऱ्यांनाही कळत नाही.

औषधाला मदतनीस देण्याची कल्पना मात्र जुनी आणि चांगली आहे. अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकसोबत येणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हे त्याचेच उदाहरण. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या संशोधनातून क्षयावरच्या रिफाम्पिसिन या औषधाला मिरीतल्या पायपरीन या द्रव्याची जोड मिळाली. त्या गोळीत ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन आणि १० मिलिग्रॅम पायपरीन असते. पायपरीन हे सुगंधी तेल नव्हे, पण वाट तीच: नेमके द्रव्य, नेमकी मात्रा आणि माणसांवरच्या चाचण्या. मिरीचा काढा पिऊन हे होत नाही. सुगंधी तेलांना ही वाट चालायला पैसा लागेल, आणि स्वयंपाकघरातल्या पदार्थाचे पेटंट मिळवणे कठीण असल्याने कंपन्या तो सहसा घालणार नाहीत. तिथे सरकारनेच पुढे यावे.

आमच्या धंद्यातही सगळेच धुतल्या तांदळासारखे नाहीत. २०१४ पासून सेफिक्झिम, मेरोपेनेम यांसारखी अँटिबायोटिक्स देताना डॉक्टर आणि रुग्णाचे नाव रजिस्टरात लिहिणे बंधनकारक आहे. तरी चिठ्ठीशिवाय अर्धी पट्टी कापून देणारे काउंटर शोधायला लांब जावे लागत नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. अशी बातमी देताना प्रयोग बशीत झाला, उंदरावर झाला की माणसावर, हे पहिल्याच ओळीत छापावे.

– एक औषधविक्रेता, सांगली