होणाऱ्या बालवाडीताईंना अडचण सोडवायला शिकवा

माननीय मंत्रीमहोदय,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलींना शिकवते. यातल्या बऱ्याच जणी उद्या अंगणवाडीत नाहीतर गावच्या बालवाडीत काम करतील. त्यांच्या प्रशिक्षणाबद्दल माझी एकच मागणी आहे: समोर आलेली अडचण स्वतः सोडवण्याचा सराव त्यांना द्या.

आज प्रशिक्षण म्हणजे सभागृह, पडद्यावरच्या स्लाइड आणि शेवटी प्रमाणपत्र. विकासाचे पैलू, कृतींच्या याद्या, सगळं पाठ होतं. प्रत्यक्षात तीन ते सहा वर्षांची लेकरं एकाच खोलीत असतात, मदतनीस खिचडीच्या गडबडीत असते आणि तेवढ्यात कुणीतरी कुणाला चावतं. तिथं पाठांतर उपयोगी पडत नाही.

उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. पाण्याच्या खेळाचा पाठ होता; लहानमोठ्या भांड्यांत ओतून कशात किती मावतं ते बघायचं. गाव टँकरवर. एका विद्यार्थिनीनं टाचणात लिहिलं, 'पाणी नाही, कृती रद्द.' मी उत्तर दिलं नाही. एवढंच विचारलं, या खेळातून लेकरांना काय कळायला हवं? ते पाण्याशिवाय कशानं कळेल? दुसऱ्या दिवशी ती घरून ज्वारी आणि धान्य मोजायची जुनी मापं, चिपटं आणि मापटं, घेऊन आली. दोन चिपट्यांत मापटं भरतं, हे चार वर्षांच्या एका पोरीनं पुन्हापुन्हा ओतून शोधून काढलं. ज्वारी सांडली, तेव्हा ती कशी गोळा करायची हेही लेकरांनीच ठरवलं. ताई मध्ये पडली नाही. मला याचंच मोल सगळ्यात जास्त वाटतं. जिला स्वतः विचार करायची सवय लागते, तीच लेकराच्या हातातलं काम हिसकावून न घेता थांबू शकते.

आपल्या मराठवाड्यात तर अशा अडचणी रोजच्याच. दिवाळीच्या सुमारास कुटुंबं ऊसतोडीला जातात, पट रोडावतो. चार-पाच महिन्यांनी परतलेलं लेकरू वर्गात बुजतं. बंजारा तांड्यावरचं, घरी गोरमाटी बोली बोलणारं पोर मराठी गाण्याच्या वेळी गप्प बसून राहतं. त्याच्या आजीला वर्गात बोलवावं, की आधी त्याच्याकडून दोन शब्द आपण शिकावेत? हे त्या गावच्या ताईलाच ठरवावं लागतं.

मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच आदिवासी पाड्यांवरच्या अंगणात नेली. अंगणवाडी निघाली ती अशी अडचणीतून. तिच्याच सेविकेला आपण नुसत्या सूचना पाळायला लावतो, याचं वाईट वाटतं.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये बारावी झालेल्या सेविकांसाठी ६ महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी १ वर्षाची पदविका सांगितली आहे. या दोन्हींत आणि आमच्यासारख्या अभ्यासक्रमांतही निम्मे तास चालू अंगणवाडीत, अनुभवी सेविकेसोबत असावेत. परीक्षेत व्याख्या न विचारता खरा प्रसंग द्यावा: काय दिसलं, काय करून पाहिलं, जमलं नाही तेव्हा काय बदललं. आणि बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या, मासिक बैठकीत रजिस्टर आणि पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपमधल्या नोंदींआधी एक तास फक्त वर्गातल्या अडचणींसाठी राखावा. या तासाला खर्च नाही, आपलं एक परिपत्रक पुरे.

यंदाचा ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आत आमच्या जिल्ह्यातल्या एका बालविकास प्रकल्पात तरी हे सुरू करावं. वर्ग घ्यायला मी आणि माझ्या विद्यार्थिनी तयार आहोत.

आपली,
बालशिक्षण अभ्यासक्रमाची एक शिक्षिका, बीड जिल्हा