खेळणारी मुले हसत नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांच्या खेळांवरील चित्रांविषयी आलेला लेख वाचला. विषय छान, चित्रांची निवडही चांगली. पण लेखभर ‘निरागस हास्य’, ‘हरवलेले दिवस’ असे शब्द पेरले होते. सोबतची चित्रे पाहिल्यावर प्रश्न पडला, की हे हास्य लेखकाला दिसले तरी कुठे?

फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रॉयगेलचे १५६० सालचे ‘मुलांचे खेळ’ घ्या. व्हिएन्नाच्या संग्रहालयातील या चित्रात २०० हून अधिक मुले आणि ८० च्या आसपास खेळ आहेत. कुणी पिंपाचे कडे काठीने पळवतो आहे, कुणी ओणव्या पोरांवरून उड्या मारतो आहे, डाव्या कोपऱ्यात दोघी हाडांचे सागरगोटे खेळताहेत, एक मुलगी काठीने घाण ढवळते आहे. (ती घाणही चित्रात यावी असे ब्रॉयगेलला वाटले, हे मला फार आवडते.) खुदकन हसणारे गोंडस मूल मात्र या गर्दीत शोधावे लागते. जो तो आपल्या कामात गढलेला. मोठ्या माणसांना इथे थाराच नाही; एक बाई दिसते, तीही भांडणाऱ्या पोरांवर पाणी ओतताना. माणसाच्या वेडेपणावर ही टीका आहे, असे काही अभ्यासक म्हणतात. असेलही. पण नुसती टीकाच करायची, तर एवढे खेळ इतक्या बारकाईने कोण बघत बसेल?

फ्रेंच चित्रकार शार्दांचा भोवरेवाला मुलगा तर हसण्याच्या जवळपासही नाही. १७३८ चे हे चित्र पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. टेबलावर पुस्तके, कागद, पिसाची लेखणी. अभ्यास बाजूला सारलेला आणि पोराची नजर कलत्या भोवऱ्यावर. तो आता पडणार की अजून एक गिरकी घेणार, एवढीच काय ती त्या क्षणी जगातली महत्त्वाची गोष्ट. शार्दांने साबणाचे फुगे काढणारा मुलगाही रंगवला. फुगा म्हणजे क्षणभंगुर आयुष्य, हा युरोपीय चित्रकलेतला जुना संकेत. पण फुगा फुटू नये म्हणून श्वास सांभाळणाऱ्या मुलाला त्या संकेताचे काय?

बाराव्या शतकातला चिनी दरबारी चित्रकार सू हानछेन याच्या शरद ऋतूतील बागेच्या चित्रातही हेच दिसते. दोन मुले एका चौरंगावर वाकून बोरासारख्या फळांचा तोल सांभाळत काडी फिरवण्यात दंग आहेत. देश वेगळा, काळ वेगळा, तल्लीनता तीच.

अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरच्या १८७२ सालच्या ‘स्नॅप द व्हिप’मध्ये तर चेहऱ्यांपेक्षा पाय पाहावेत. हातात हात धरून धावणारी अनवाणी पोरांची साखळी, एका टोकाची मुले एकदम थांबतात आणि दुसऱ्या टोकाची भिरकावली जातात. डावीकडे दोघे पडलेच आहेत. ढोपरे नक्की फुटली असणार! या खेळात थोडे लागण्याची भीती आहे, म्हणून तर मजा आहे. होमरने ती मजा ताणलेल्या हातांत आणि रोवलेल्या टाचांत रंगवली.

म्हणून माझी तक्रार लेखापेक्षा त्याच्या नजरेबद्दल आहे. खेळाचा आनंद मोठ्यांना हवा तसा, फोटोसाठी हसणाऱ्या मुलासारखा दिसायला हवा, असे आपण गृहीत धरतो. भेटकार्डांवरची फुगेवाली गुबगुबीत बाळे त्यातूनच येतात. या चित्रकारांनी मुलांकडे तसे पाहिले नाही. खेळाचे नियम, पकड, तोल, चिडाचिडी हे सगळे त्यांनी गांभीर्याने घेतले. आणि ‘हरवलेले दिवस’ म्हणाल, तर ते आठवणाऱ्याचे. चित्रातल्या पोरांचे काहीच हरवलेले नाही.

एक विनंती. ब्रॉयगेलचे चित्र आपण तळहाताएवढे छापले होते. त्यात कडे कुठले आणि सागरगोटे कुठले, काही कळेना. मूळ चित्र दीड मीटरहून रुंद आहे. पुढच्या वेळी त्याचा एखादा कोपराच पानभर छापा, आणि खाली चित्रकाराचे नाव, साल व खेळाचे नाव द्या.

आपला,
एक नियमित वाचक