कूलंट कमी होते, म्हणजे नेमके कुठे जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोटीच्या इंजिनाच्या देखभालीवर छापून येणाऱ्या मजकुरात ऑइल, फिल्टर आणि डिझेलचा खप यांना भरपूर जागा मिळते. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, वाट्याला ‘पातळी पाहावी, कमी असल्यास भरावे’ एवढे एकच वाक्य येते, आणि त्या वाक्याचा उत्तरार्ध इंजिनांच्या मुळावर उठतो. कूलंट हे डिझेलसारखे जळून संपणारे नाही. परिपथ बंद आहे, टाकीवर दाब धरणारे झाकण आहे. तरीही पातळी उतरत असेल, तर ते कूलंट बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत), समुद्रात, ऑइलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये गेलेले असते. वाट न शोधता टाकी भरणे म्हणजे पुरावा पुसून टाकणे. म्हणून ही वाट कशी शोधायची ते सविस्तर लिहीत आहे.

पहिले काम मोजमापाचे. इंजिन पूर्ण थंड असताना, सुरू करण्यापूर्वी, पातळीवर खूण करावी आणि वहीत इंजिनाचे तास लिहावेत. भरायचे तेव्हा मापाच्या भांड्याने भरावे. ‘थोडे घातले’ या नोंदीतून काही कळत नाही. ‘10 तासांत 200 मिली’ या नोंदीतून बरेच कळते. बोट नुसती उभी असतानाही पातळी उतरते का, हेही याच वहीत दिसते. उतरत असेल, तर आधी क्लिप, होज आणि पंपाचे सील पाहावेत. फक्त भाराखाली चालल्यावर उतरत असेल, तर संशय हेड गॅस्केट (सिलिंडरच्या हेडखालचे सील) आणि हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने कूलंट थंड करणारे साधन) यांच्यावर जातो.

सगळीच घट गळतीची नसते, हेही ध्यानात ठेवावे. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी हे कूलंटचे मिश्रण चालत्या तापमानाला पोहोचेपर्यंत सुमारे 4 टक्के फुगते. 20 लिटरच्या परिपथात हे जवळपास 800 मिली होतात. ओव्हरफ्लोची (जादा कूलंट धरणारी) बाटली नसलेल्या इंजिनाची टाकी काठोकाठ भरली, तर तेवढे कूलंट बाहेर पडणारच, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठोकाठ भरले की पुन्हा पडणार.

झाकणाकडे फार कमी लोक लक्ष देतात. 1 बारचे झाकण शाबूत असेल, तर हे मिश्रण साधारण 129 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण दाब धरत नसेल, तर तेच 107 अंशांच्या आसपास उकळू लागते आणि ओव्हरफ्लोतून निघून जाते. झाकणात आणखी एक छोटा व्हॉल्व्ह असतो; इंजिन थंड होताना तो बाटलीतले कूलंट टाकीत परत येऊ देतो. तो चिकटला की बाटली भरत जाते, टाकी रिकामी होत जाते आणि थंड इंजिनाचे होज चपटे पडलेले दिसतात. रबर कडक झाले असेल किंवा त्यावर बसकटीची खोल खाच दिसत असेल, तर झाकण बदलावे, तेही इंजिनासाठी सांगितलेल्या दाबाचेच. आणि गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. वरचा होज दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबावे. आतला दाब एकदम सुटला की उकळते कूलंट थेट तोंडावर येते.

बाहेरची गळती शोधण्यासाठी बिल्ज आधी कोरडे आणि स्वच्छ हवे. इंजिनाखाली पांढरे कागद अंथरून त्यांवर कोणता कागद कशाखाली आहे ते लिहून ठेवावे. क्लिपजवळ फुगलेला किंवा चिरा पडलेला होज, गॅस्केटच्या कडेला वाळलेला हिरवा, गुलाबी किंवा पांढरट थर या खुणा टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन शोधाव्यात. कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असते. तिथे वाळलेला डाग असेल तर चालते, थेंब धरत असेल तर सील गेले आहे. हे भोक एमसीलने बुजवलेले आढळते, आणि याहून वाईट उपाय नाही. गिअरवर चालणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या पंपात पाण्याचे सील आणि ऑइलचे सील यांच्या मधोमध असेच भोक असते. ते बुजवले की गळणारे खारे पाणी बाहेर पडण्याऐवजी शाफ्टवरून थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये जाते. क्लिप आवळण्यालाही मर्यादा आहे. जास्त आवळलेली क्लिप होज कापते.

एवढ्याने वाट सापडली नाही, तर प्रेशर टेस्टर लावावा. हातपंप, गेज आणि झाकणाच्या जागी बसणारा अडॅप्टर एवढेच ते साधन. थंड इंजिनावर झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरावी, त्यापुढे नाही, आणि 15 मिनिटे काटा पाहावा. काटा उतरला आणि बाहेर थेंब दिसला, तर काम सोपे. काटा उतरला आणि बाहेर सगळे कोरडे, तर गळती आत आहे. काटा हलला नाही, तर चाचणी इंजिन गरम असताना (झाकण काढण्याआधी वर लिहिल्याप्रमाणे थांबून) पुन्हा करावी, कारण काही फटी धातू तापल्यावरच उघडतात. हेड उघडण्याचा निर्णय या चाचणीआधी घेतला जातो, हे पाहून वाईट वाटते. हेड गॅस्केटचा खर्च करून झाल्यावर दोष हीट एक्स्चेंजरमध्ये निघणे ही नेहमीची गोष्ट आहे.

हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांमधून समुद्राचे पाणी जाते आणि त्यांच्या बाहेरून कूलंट. नळीला भोक पडले, तर गरम इंजिनात कूलंटचा दाब सहसा जास्त असल्याने ते समुद्राच्या पाण्यात मिसळून एक्झॉस्टमधून बाहेर जाते. बिल्ज कोरडे, ऑइल स्वच्छ आणि टाकी मात्र रिकामी, असे दिसते ते यामुळे. इंजिन बंद होऊन थंड होताना आतला दाब घटतो आणि त्याच भोकातून खारे पाणी उलटे आत येऊ शकते. टाकीतली पातळी कधी कमी, कधी जास्त दिसते आणि कूलंट तपकिरी, गढूळ होते. क्लोराइड मोजणारी चाचणीपट्टी कूलंटमध्ये बुडवली तर खात्री होते. चव घेऊन पाहू नये. एथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि विषारी असते.

हीट एक्स्चेंजर जागेवर तपासण्यासाठी सी-कॉक (समुद्राचे पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करून समुद्राच्या पाण्याची बाजू रिकामी करावी, टोकांची झाकणे काढावीत आणि कूलंटच्या बाजूला दाब द्यावा. ज्या नळीच्या तोंडाशी थेंब येईल, ती फुटलेली. नळीच्या तोंडाऐवजी कडेने पाणी आले, तर ओ-रिंग गेली आहे, आणि ती दुरुस्ती स्वस्तातली. काही बनावटींत मात्र टोकाचे रबरी झाकणच दोन्ही पाणी वेगळे ठेवते. ते काढले की कूलंटही सांडते. तिथे फक्त समुद्राच्या पाण्याचे होज काढून, खालच्या तोंडातून रंगीत थेंब येतो का ते पाहावे. एखाददुसरी नळी दोन्ही टोकांना पितळी पाचर मारून बंद करता येते, पण तेवढी थंड करण्याची क्षमता कमी होते. नळ्या एकामागून एक जात असतील, तर कारण झिंकमध्ये, म्हणजे नळ्यांऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या कांडीत, शोधावे. पेन्सिल झिंक निम्मे झिजले की बदलायचे असते. त्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नये. धातूशी संपर्क तुटला तर झिंक असून नसल्यासारखे.

ऑइलची तपासणी डिपस्टिकपासून सुरू होते. पातळी वाढलेली आणि ऑइल ताकासारखे पांढरट दिसले, तर इंजिन चालवू नये. फक्त भरण्याच्या झाकणाखाली थोडा पांढरा साका असेल, तर तो बहुधा वाफेचा असतो. शंका असल्यास ऑइलचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकावा. पाणी असेल तर तो तडतडतो. गिअर ऑइल दुधाळ झाले आणि कूलंटची पातळी मात्र जागेवर असली, तर गिअरचा ऑइल कूलर पाहावा, कारण अनेक बोटींत तो समुद्राच्या पाण्यावर चालतो.

हेड गॅस्केटसाठी ‘पांढरा धूर’ ही खूण बोटीत फारशी उपयोगाची नाही. एक्झॉस्टमध्ये पाणी सोडलेले असते, त्यामुळे थंड हवेत वाफ दिसतेच. त्यापेक्षा थंड इंजिन झाकण काढून सुरू करावे आणि टाकीत पाहावे. हवा निघून गेल्यावरही बुडबुडे थांबत नसतील आणि रेस वाढवल्यावर ते वाढत असतील, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. कार्बन डायऑक्साइड लागला की निळ्या द्रवाचा रंग हिरवट किंवा पिवळा करून दाखवणारा टेस्टर याची पुष्टी करतो. मात्र डिझेल इंजिन रिकामे चालताना एक्झॉस्टमध्ये कार्बन डायऑक्साइड कमी असतो, म्हणून भाराखाली तपासल्याशिवाय ‘नाही’ हे उत्तर धरू नये. सिलिंडरमध्ये कूलंट साचल्याचा संशय असेल, तर स्टार्टर मारण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे. पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

पाणी तापवण्याची टाकी इंजिनाच्या कूलंटवर चालत असेल, तर तिचे दोन्ही होज काढून, तात्पुरते एकमेकांना जोडून पातळी पाहावी. घट थांबली, तर गळती त्या टाकीच्या कॉइलमध्ये आहे, म्हणजे ग्लायकॉल वापराच्या पाण्यात जाते आहे. ते पाणी त्या क्षणापासून बंद करावे.

गळती बुजवणारी पूड किंवा द्रव बोटीच्या इंजिनात घालू नये. जी वस्तू भोक बुजवते, ती अरुंद वाटाही बुजवते. तसेच घट भरून काढायला नुसते पाणी घालत राहिले, तर गंजरोधक पातळ होतो आणि एका गळतीच्या चार गळत्या होतात.

दुरुस्तीनंतर हवा काढण्याचे स्क्रू उघडून कूलंट सावकाश भरावे, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावे, थंड झाल्यावर पातळी एकदा पूर्ण करून नवी खूण करावी. मग त्याच दाबावर पुन्हा 15 मिनिटे चाचणी घ्यावी आणि 10 तास चालल्यावर वही उघडावी.

आपला,
सागरी डिझेल इंजिनांचा एक तंत्रज्ञ